मंद आचेवरचा राजमा

एप्रिलातला सोमवार. दवाखान्याचं शटर अर्धं वर गेलं नव्हतं तोच पायरीवर गर्दी. विजापूर रोडच्या आतल्या एका सोसायटीतून तीन कुत्री एकदम आली होती: ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर, चिकू नावाची पॉमेरियन आणि गेटपाशी पडून असणारा गावठी शेरू. तिघांनाही रात्रभर उलट्या आणि जुलाब. बरोबर आठ-दहा माणसं, आणि त्यांचं निदान येतानाच ठरलेलं.

"विष घातलंय ओ मॅडम. काल रात्री अकरापासनं ओकालेत तिघंबी."

कुणी घातलं तेही ठरलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी भटक्या कुत्र्यांबद्दल सोसायटीकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सातच्या आत त्यांचं नाव न घेता सगळं लिहून झालं होतं. एक तरुण मुलगा तर मोबाइलवर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ उघडूनच उभा होता. जनावराला विष घालणं, मारणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद. "तुम्ही फक्त विषबाधा म्हणून लिहून द्या, मॅडम. बाकी आम्ही बघतो."

मी म्हटलं, आधी कुत्री बघू दे.

सोलापुरात विषबाधेचे रोगी आम्हाला नवीन नाहीत. जिल्ह्यात डाळिंब आहे, द्राक्षं आहेत, फवारण्या चालूच असतात. त्या औषधांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट पोटात गेलं की कुत्रं लाळ गाळतं, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. उंदराच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड असेल तर ओकारीला लसणासारखा उग्र वास येतो, आणि तो वास आपण घेऊही नये, कारण तो वायू माणसालाही बाधतो. रक्त पातळ करणारं उंदराचं औषध असेल तर लक्षणं दिसायला काही दिवस जातात आणि तेव्हा रक्तस्राव होतो.

यातलं काहीच नव्हतं. बाहुल्या नीट, थरथर नाही, लाळ मळमळीपुरती. ताप नाही. ब्रुनो आणि चिकूची लसीकरणाची पुस्तकं माझ्याकडचीच, तेव्हा पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांना उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची, शंका मागे पडली. हिरड्या कोरड्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जात होती. पाणी कमी झालेलं. पोट दाबलं की ब्रुनो कण्हत होता. सुई लावण्यासाठी त्याचा पुढचा पाय धरला आणि त्यानं टेबलावरच ओकारी काढली.

मदतनीस फडकं घेऊन धावला, त्याला थांबवलं. पशुवैद्यकात रोगी बोलत नाही. त्याच्या ओकारीशीच बोलावं लागतं. भात, गाजराचे तुकडे, चिकनचे धागे, आणि लालसर साली. सालींच्या मध्ये काही दाणे अख्खे. हातमोजा घालून एक दाबून पाहिला. बाहेरून मऊ, आतून खरबरीत.

"राजमा कुणी घातला?"

गर्दीत एकदम शांतता. मग मागून आवाज आला, "मी घातला. पण घरीच केलेलं आहे ओ सगळं. बाहेरचं काही नाही त्यात."

त्या ब्रुनोच्या घरच्या काकू. साठीच्या पुढच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या मागे उभ्या. त्यांना आणि काकांना मी आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर ज्या प्रकारची हवा तापली होती, तिथे हे बोलणं मला नको होतं.

हकिगत अशी निघाली. उन्हाळा लागला तसं ब्रुनोनं कोरड्या गोळ्या खाणं कमी केलं. पुण्याच्या मुलीनं स्लो कुकर पाठवला, सोबत एका परदेशी व्हिडिओची लिंक. खिमा, तांदूळ, गाजर, भोपळा, मटार, राजमा, पाणी. सगळं एकदम भांड्यात, झाकण लावायचं, सहा तास विसरून जायचं. काकू स्वतः शाकाहारी. कुत्र्यासाठी चिकन शिजवायला त्यांची ना नाही, पण घरातल्या कुकरला ते लावायचं नाही. त्यामुळे हे यंत्र त्यांच्या पथ्यावरच पडलं. गॅलरीत एक्स्टेन्शन बोर्डवर त्याचा वेगळा संसार मांडला. स्वयंपाक करणारी बाई सहसा दाणा दाबून बघते, पण या भांड्यात त्यांनी बोटही घातलं नव्हतं.

व्हिडिओतला राजमा डब्यातला होता. तो कारखान्यात डबा बंद करून उच्च तापमानाला शिजवलेलाच असतो. भांड्यात तो फक्त गरम होतो. काकूंनी किराणा दुकानातून सुटा, कोरडा राजमा आणला. सकाळी भिजत घातला आणि दुपारी भिजवलेल्या पाण्यासकट भांड्यात ओतला. पाणी का टाकलं नाही, असं मी विचारलंच नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. घोटभर पाणीसुद्धा सोलापूरची बाई विचार करून टाकते.

कच्च्या राजम्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. शिरवळला पशुवैद्यक शिकताना हे नाव मला वेगळ्याच ठिकाणी भेटलं होतं: रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींना विभागायला लावून गुणसूत्रं बघायची असली की हेच वापरतात. पोटात गेलं तर ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि तिथल्या पेशी बिघडवतं. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. माणसाला चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. त्याचं मोजमाप एका खास एककात करतात. कच्च्या लाल राजम्यात ते २०,००० ते ७०,००० भरतं, नीट शिजवल्यावर २०० ते ४०० उरतं. नीट शिजवणं म्हणजे उकळणं. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून चार शिट्ट्या करणाऱ्या घरात हे नाव कुणाच्या कानावरही येत नाही. मंद आचेच्या भांड्यात मात्र उकळी येईलच असं नाही. आणि वाईट भाग पुढे आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीप्रमाणे ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा पूर्ण कच्च्यापेक्षा पाचपट विषारी असू शकतो.

काकू ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "शेरूला आणि चिकूला मीच वाटीत घालून आले होते. रविवार म्हणून. म्हणजे मीच..."

"त्याला औषध आहे," मी म्हटलं. खरं तर उतारा असा नाही. शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाइन, उलटी थांबवणारं मॅरोपिटंटचं इंजेक्शन, पोटाला विश्रांती आणि वाट बघणं. पण मला औषध हाच शब्द तेव्हा बरा वाटला.

दुपारपर्यंत दवाखान्यात तीन सलाइन टांगलेल्या. चिकू जेमतेम चार किलोची. तिनं खाल्लं थोडंच होतं, पण अंगाच्या मानानं ते कमी नव्हतं. ब्रुनो ३० किलोचा, पडून राहिला आणि शेपटी तेवढी हलवत होता. शेरूनं कुणालाही हात लावू दिला नाही. तोंडाला पट्टी बांधून सुई लावली, तर त्यानं पंजानं नळीच उपटली. दुसऱ्यांदा लावली. ज्या मुलाच्या हातात कलम ३२५ होतं, तोच शेवटी शेरूचं डोकं मांडीवर घेऊन दोन तास फरशीवर बसला. तो मला आवडायला लागला होता, हे मान्य करते.

मधेच त्यानं पुन्हा विचारलं, "मॅडम, विषच होतं ना पण?"

"होतं. राजम्यातलं."

"म्हणजे लिहून द्याल ना?"

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. पदर खोचला आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लिहा की. माझं नाव लिहा. मी शिजवलं, मीच घातलं. वरच्या भाऊंचा काही संबंध नाही, आणि ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी लिहिलंय त्यांनी आत्ताच्या आत्ता काढून टाकायचं."

असं आपल्याच माणसांसमोर उभं राहून बोलणं सोपं नसतं. मी आत बोलावून सगळं झाकून नेण्याच्या बेतात होते. बाईंनी त्याची गरजच ठेवली नाही. मुलानं मोबाइल काढला आणि खाली मान घालून टाइप करायला लागला. मी त्याला कागद दिला. निदानाच्या जागी लिहिलं: अर्धकच्चा राजमा खाल्ल्याने झालेला आतड्याचा दाह. राजम्यातलं हे प्रथिन तपासून घ्यावं एवढी गरजच नव्हती; खाण्याची वेळ, ओकारीतले दाणे आणि तिघांच्याही पोटात गेलेला एकच पदार्थ एवढं पुरेसं होतं. संध्याकाळी सातला ब्रुनोनं पाणी प्यायलं आणि ते पोटात ठेवलं. चिकूनं त्याच्या आधीच. शेरू रात्री स्वतःच शटरखालून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी गेटपाशी होता, असं काकांचा फोन सांगतो.

हे इथंच संपलं असतं. पण काका बँकेतले. त्यांना आकडा हवा. "मॅडम, व्हिडिओतल्या बाईचा कुकर उकळतो, आमचा का नाही?" एका डेअरीवाल्याकडून मी लांब दांडीचा थर्मामीटर मागून आणला आणि पुढच्या रविवारी त्यांच्या गॅलरीत गेले. भांड्यात नुसतं पाणी आणि तांदूळ, खटका 'लो' वर. दुपारी गल्लीतले सगळे एसी आणि कूलर सुरू. काकांच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर व्होल्टेज १८५. इथेच उत्तर होतं. अशा साध्या तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं बदलते. २३० चं १८५ झालं तर उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. चार तासांनी भांड्याच्या मध्यभागी ७१ अंश, सहा तासांनी ७८. शिवाय त्या रविवारी काकू दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघत होत्या, आणि एकदा झाकण उचललं की साठलेली वाफ गेलीच.

७८ अंश ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी वही काढली.

त्या वहीतून मग कुत्र्याच्या जेवणाचा सगळाच हिशेब निघाला. राजमा घालायचाच तर किमान पाच तास भिजवून पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायचा आणि मग भांड्यात. कांदा आणि लसूण कशातही नको, फोडणीतही नको. त्यानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. शिजलेलं हाड नको, त्याचे काटे होतात. वीज गेली आणि भांडं कोमट राहिलं तर ते उन्हाळ्यात तास-दोन तासांत टाकूनच द्यायचं, मग कितीही जिवावर येवो.

आणि कॅल्शियम. यावर मी जरा जास्तच बोलले असेन. चिकन-भाताच्या भांड्यात सगळ्यांचं मन भरतं, पण हाडाविना चिकनमध्ये कॅल्शियम जवळपास नसतंच. ३० किलोच्या ब्रुनोला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात, आणि दर १००० कॅलरींमागे सव्वा ग्रॅम कॅल्शियम. म्हणजे पावणेदोन ग्रॅम. अंड्याच्या टरफलाची वाळवून दळलेली पूड घेतली तर तिच्यात ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा रोज साडेचार ग्रॅम. हे झालं फक्त कॅल्शियमचं. जस्त, तांबं, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांची पूड वेगळी लागते. काकांना हे पटेना. घरचं जेवण आणि त्यात पूड? मग मी त्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१३ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. "पंच्याण्णव?" काका म्हणाले. आकडा वहीत गेला, खाली दोन रेघा.

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी वही काढायलाच देत नाही. वाढत्या पिल्लाला असं जेवण महिनाभर घातलं तर हाडं मऊ पडतात, उडी मारताना पाय मोडतो. तिथे तयार खाणंच, नाहीतर आहारतज्ज्ञ पशुवैद्यक.

आता काकूंचा स्लो कुकर गॅलरीतच आहे, पण दुपारऐवजी रात्री अकरानंतर लागतो, तेव्हा व्होल्टेज २२० च्या पुढे असतं. खटका 'हाय' वर. राजम्याच्या जागी तुरीची डाळ, घरच्या कुकरमधून शिजून आलेली. डाळ शाकाहारीच, त्यामुळे त्या कुकरचा प्रश्न येत नाही. सोसायटीतल्या त्या मुलानं मला परवा रस्त्यात गाठून विचारलं की एवढं सगळं करून राजमा घालतात तरी कशाला. मी म्हटलं, तिकडं परदेशात डब्यातला राजमा स्वस्त पडतो आणि डबा उघडला की तयार. कुत्र्याला त्याची गरज अशी काही नाही. "मग आपण कशाला घालायचा?" तो म्हणाला आणि शेरूसाठी घेतलेली अंडी सांभाळत निघून गेला.