तीन दशांश सेकंदांचा उशीर

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागले की शेतांच्या पलीकडे जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. विज्ञान दिनी तिथे गेलो असताना एका अँटेनाखालून मी वर पाहिले, तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या तबकडीतून आकाश आरपार दिसत होते. पत्र्याऐवजी तिथे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची पोलादी जाळी ताणलेली आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या योजनेमुळे वारा जाळीतून निघून जातो आणि सांगाडा हलका राहतो. लांब रेडिओ लहरींना मात्र तीच जाळी अखंड आरशासारखी असते. अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत.

या दुर्बिणीचे आकारमान सर्वांच्या नजरेत भरते, पण पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या अभ्यासात तिचे खरे बळ कमी वारंवारतेत आहे, असे मला ठामपणे वाटते. दक्षिण मुकुट तारकासमूहातला जे१९०९-३७४४ हा पल्सार घ्या. हा न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३३९ वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याचा एकच स्पंद सर्व वारंवारतांवर एकाच वेळी निघतो, परंतु वाटेत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ३०० मेगाहर्ट्झची लहर ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोहोचते. तेवढ्यात त्या ताऱ्याच्या शंभराहून अधिक फेऱ्या झालेल्या असतात! हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे खालच्या पट्ट्यात तो ठळक होतो आणि म्हणूनच तिथे तो फार बारकाईने मोजता येतो.

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा शोध घेणाऱ्यांना हे मोजमाप हवेच असते, कारण त्या लहरींमुळे स्पंदांच्या वेळेत पडणारा फरक सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागांत मोजावा लागतो आणि इलेक्ट्रॉनांचा परिणाम नेमका वजा केल्याशिवाय तो हाती लागत नाही. भारतीय आणि जपानी संशोधकांच्या ‘इनपीटीए’ गटाने जीएमआरटीवर घेतलेली निरीक्षणे युरोपीय सहकाऱ्यांच्या नोंदींशी जोडली गेली आणि जून २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एकदा मोजून मात्र हे काम संपत नाही. पल्सार सरकतो, पृथ्वीही सरकते, सूर्याजवळून दृष्टीरेषा जाऊ लागली की सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन मध्ये येतात. त्यामुळे साधारण दर पंधरवड्याला या तबकड्या पुन्हा त्याच पल्सारांकडे वळवून तोच उशीर नव्याने मोजला जातो.