मोगरीची डावी बाजू: पावसाळ्यातली कासेची नोंदवही

आमच्याकडे दोनच शेळ्या, दोन्ही सुरती जातीच्या. कापशी तिसऱ्या वेताची, मोगरी दुसऱ्या. घर वडोदऱ्यात, मांजलपूरच्या थोडं पुढे, आणि मागच्या अंगणात बारा बाय दहाची पत्र्याची शेड. सुरती घेतली कारण ती दुधाला चांगली आणि बांधून पाळता येते. लांब चरायला जाणं तिला झेपतच नाही. पण तिची कास मोठी, सड जाड आणि निमुळते. ती बसली की कास जमिनीला टेकते. या पावसाळ्यात सगळं तिथूनच सुरू झालं.

9 जुलै

मोगरीला व्यायला आठवडा झाला. एकच करडू, पाट म्हणजे मादी आहे. चीक संपून दूध नेहमीसारखं झालंय. करडू रात्री वेगळं ठेवते, सकाळी त्याच्यापुरतं राखून वरचं दूध काढते, मग दिवसभर ते आईजवळ.

मी कोमट कडुलिंबाच्या पाण्याने कास भरपूर धुवायची. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, धुतलीस खरी, पण पुसलीस का?" मी एका फडक्याने पुसलं आणि तेच फडकं घेऊन कापशीकडे वळले. त्यांनी फक्त मान हलवली.

15 जुलै

तीन दिवस संततधार. शेडमधली रबरी मॅट खालून ओलीच राहते, वर चुना भुरभुरला तरी. धार काढून झाली की दोघी लगेच बसतात, कारण खुराक मी आधीच देऊन टाकते.

21 जुलै

मोगरीची कास डावीकडे कडक लागली. हात लावला तर गरम, आणि तिने पाय झाडला. वाटीवर काळं फडकं ताणून पहिल्या तीन धारा त्यावर घेतल्या. उजवीकडचं दूध स्वच्छ. डावीकडच्या धारेत बारीक गाठी, दह्याच्या कण्यांसारख्या. ताप 104.6 फॅरनहाइट, शेळीचा साधारण 101.5 ते 103.5 असतो.

कासदाह, म्हणजे कासेची सूज. मराठीत याला दगडीही म्हणतात.

डॉक्टरांना लगेच बोलावलं. औषध भरण्याआधी त्यांनी दुधाचा नमुना बाटलीत घेतला, मग सडाचं टोक स्पिरिटने पुसून ट्यूब सोडली, एक इंजेक्शन दिलं. ज्यांना सगळं घरगुती औषधावर भागवायचं असतं त्यांना एवढंच सांगेन: दुधात गाठी आणि अंगात ताप असेल तर लेपावर दिवस काढू नका. कास थंड पडली, निळसर काळी दिसली, तर त्याच तासाला डॉक्टर. तिथे शेळीचा जीव जातो.

24 जुलै

डॉक्टरांच्या परवानगीने जोडीला लेप सुरू केला. आणंदच्या एनडीडीबीने, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, गायी-म्हशींसाठी गावोगाव पोचवलेला हाच तो: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15. मी त्याचा पाचवा हिस्सा केला. हळदीला चुना लागताच लेप लालभडक होतो. पूर्वी घरोघरी कुंकू करत ते याच दोन वस्तूंचं. शेळीची कातडी नाजूक, म्हणून आधी मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर लावून तासभर थांबले. लाली आली नाही, तेव्हाच कासेला लावला. दिवसातून सात-आठ वेळा, आणि धारेआधी पूर्ण धुऊन, कोरडं करून. सूज उतरली त्यात लेपाचा वाटा किती आणि ट्यूबचा किती, हे मला वेगळं करता येणार नाही. मोगरीला गारवा मिळतो, लेप लावताना ती शांत उभी राहते, एवढं डोळ्यांनी दिसतं.

डावीकडचं दूध वेगळ्या भांड्यात काढून टाकून देते. उजवीकडचंही घरात वापरत नाही, औषधाच्या पाकिटावर जितके दिवस लिहिलेत तितके. करडाला कापशीचं दूध बाटलीने. आता आधी कापशीची धार, मग मोगरीची. आजारी जनावर नेहमी शेवटी.

28 जुलै

डावी बाजूच का, याचं उत्तर आज मिळालं. जुने व्हिडिओ बघितले तर करडू प्रत्येक वेळी उजव्या सडालाच लागलेलं. एकटं करडू एकच बाजू धरून बसतं, दुसरी तुंबत राहते. मी वरचं दूध म्हणून डावीकडचं थोडं काढायची, पण रिकामी कधी केलीच नाही. तुंबलेली बाजू, ओली मॅट आणि दोघींना एकच फडकं, तिन्ही माझ्याकडून.

आमच्याकडे काम करणाऱ्या भरवाड काकांना विचारलं, तर ते मॅटकडे बोट दाखवून म्हणाले, "कोरुं राखो, बेन." गुजराती कोरुं आणि आपलं कोरडं.

4 ऑगस्ट

बदल केले ते असे. मॅट काढून लाकडी फळ्यांचा माच घातला, जमिनीपासून दीड फूट वर, फळ्यांमध्ये दीड सेंटिमीटर फट. लेंड्या खाली पडतात, मूत वाहून जातं, आणि शेळीला उंचावर बसायला आवडतंच. कासेवरचे लांब केस कातरले. धुणं बंद, चिखल लागला असेल तरच थोडं पाणी, नाहीतर कोरड्या सुती फडक्याने पुसणं. दर शेळीला वेगळं फडकं, उकळून उन्हात वाळवलेलं. ऊन नसलं तर इस्त्री.

धार मुठीने. अंगठा दुमडून सड दाबायची सवय मला होती, त्याने सडाला आतून इजा होते. बोटं दुधात बुडवून ओल्या हाताने काढणंही सोडलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: खुराक धारेनंतर. सडाचं तोंड धार काढल्यावर साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढा वेळ ती उभी राहायला हवी, म्हणून रजको (लसूणघास) आणि भरडा तेव्हाच समोर येतो.

संध्याकाळी करडू वेगळं केल्यावर दोन्ही सड पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात, थोडं ग्लिसरीन घालून, बुडवते. हे काही झाडपाल्याचं औषध नाही. कडुलिंबाचा पाला मी माश्यांसाठी धुरात वापरते, सडाच्या टोकासाठी त्याच्यावर माझा तेवढा भरवसा नाही.

17 ऑगस्ट

आता आठवड्याला पावडरची चाचणी. 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, त्यातलं थोडं आणि तेवढंच दूध बशीत घेऊन मिनिटभर फिरवायचं. कासदाहात दुधातल्या पेशी वाढतात, आणि त्या जास्त असतील तर मिश्रण चिकट, लिबलिबीत होतं. शेळीच्या बाबतीत एक लक्षात घ्या: तिच्या निरोगी दुधातही गायीपेक्षा पेशी जास्त असतात, व्याल्यानंतरच्या दिवसांत आणि आटत आलं की आणखी. त्यामुळे गायीचा मापदंड लावू नका, दोन्ही बाजूंची एकमेकींशी तुलना करा.

कापशी: दोन्हीकडे पातळ. मोगरी: उजवीकडे पातळ, डावीकडे किंचित दाट, पण गेल्या आठवड्यापेक्षा कमी. कास मऊ आहे. आज सकाळी करडाला मी हाताने धरून डाव्या सडाला लावलं, आणि दोनदा तोंड फिरवून शेवटी ते तिथे प्यायलं.