फक्कीच्या अलीकडे

मंगळवार, रात्री पावणेबारा. सातारा.

घरात शिरल्या शिरल्या हिचं पहिलं वाक्य: "अहो, चरायला गेला होता का कुठं? पँटीला कुसळं बघा किती!" मी काही बोललो नाही. पँट बदलून तशीच खुर्चीच्या पाठीवर टाकली. आता सगळी झोपली आहेत आणि मी हे लिहितोय, कारण झोप येत नाही.

आज लेकीची जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा होती. सतरा वर्षांखालील मुली, ८०० मीटर. मैदान मुरमाचं, कडेनं पावसाळ्यात माजलेलं आणि आता वाळत आलेलं गवत. पहिली फेरी चौथ्या नंबरवर संपवली तिनं. पहिल्या तिघींपैकी एकीचा दम तुटत आलेला दिसत होता, म्हणून मी मनातल्या मनात हिला तिसरीही करून टाकली होती. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या बाजूला तिचा हात पोटरीकडे गेला. खाली बसली. वांब भरला होता. बाकीच्या पुढं निघून गेल्या. ती उठली, दोन पावलं टाकली, परत वाकली, आणि मग लंगडत चालायला लागली. अजून अडीचशे मीटर तरी बाकी होते.

मी फक्कीच्या अलीकडे. खांद्याला तिची सॅक, हातात पाण्याची बाटली. सकाळी शिट्टीवाल्या सरांनी दोनदा बजावलं होतं, पालकांनी फक्कीच्या आत पाय टाकायचा नाही. चार बोटं रुंदीची पांढरी रेघ, तीही निम्मीअर्धी पोरांच्या बुटांनी पुसलेली. तेवढी मला ओलांडता आली नाही.

हे मला एवढं का लागलंय, ते लिहूनच टाकतो. डेरेक रेडमंड या ब्रिटिश धावपटूचा व्हिडिओ मी या पोरीला किती वेळा दाखवला असेल त्याची गणती नाही. १९९२, बार्सिलोना, ४०० मीटरची उपांत्य फेरी. त्याच्या आधीच्या ऑलिंपिकला, सोलला, पायाच्या दुखण्यामुळं हा प्राथमिक शर्यत सुरू व्हायला काही मिनिटं उरली असताना बाहेर पडलेला. मधल्या काळात शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. आणि इथं निम्म्या वाटेच्या आतच मांडीचा मागचा स्नायू फाटतो. तो गुडघ्यावर बसतो, उठतो, एका पायावर उड्या मारत आपल्याच लेनमधून निघतो. मदतीला आलेल्यांना परत पाठवतो. तेवढ्यात वरून, प्रेक्षकांतून, टोपी घातलेला एक जाडजूड माणूस अडवणाऱ्यांना बाजूला सारत आत घुसतो. जिम रेडमंड, त्याचा बाप. पोरगा बापाच्या खांद्यात तोंड खुपसून रडतो आणि दोघं मिळून रेषेपर्यंत जातात. वाटेत पुन्हा कुणी अडवायला येतं, त्याला जिम ज्या पद्धतीनं हातानं झटकतो ना, ते मला सगळ्यात आवडतं. खळ्यावरनं कोंबडी हाकलावी तसं.

आणि दर वेळी व्हिडिओ संपला की मी म्हणायचो, बाप असावा तर असा.

नीरज चोप्राचा भाला टोकियोत ८७.५८ मीटरवर पडला तेव्हा मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो होतो. पण डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी येतं ते अशा वेळी, जेव्हा रेषेबाहेरचं माणूस आत येतं. २००४ ला अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये ब्राझीलचा वँडरले दी लिमा सगळ्यांच्या पुढं होता. शेवटचे सहा-सात किलोमीटर राहिले असताना एका वेड्यानं रस्त्यात घुसून त्याला गर्दीत ढकललं. सगळ्यांना तो ढकलणारा आठवतो. मला आठवतो तो दुसरा, गर्दीतलाच एक दाढीवाला ग्रीक, ज्यानं त्याला सोडवून परत रस्त्यावर लावलं. लिमाला कांस्य मिळालं. स्टेडियममध्ये आला तो दोन्ही हात विमानासारखे पसरून, नागमोडी पळत. आत शिरलेले दोघेही प्रेक्षकच होते.

तर असं सगळं घरात बसून बोलणारा मी, आज सॅक धरून उभा.

संध्याकाळी आईनं ऐकलं आणि तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. "पोरगी लंगडत आली, आन् तू नुसता बघत हुबा व्हय?" मग नेहमीप्रमाणे गाडी गोळेश्वरवर, पैलवान खाशाबा जाधवांच्या गावावर गेली. आईचं माहेर कराडजवळचं. खाशाबा जाधवांचा विषय निघाला की १९५२ च्या मिरवणुकीत आमचीही बैलगाडी होती, हे ती सांगणारच. हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कराड स्टेशनपासून शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या म्हणतात. तालुक्यात ज्या घरात बसाल तिथली गाडी त्यात होती. सगळ्या मोजल्या तर हजार तरी भरतील. मी कधी वाद घालत नाही. असेल आमची पण.

पण आज मला मिरवणुकीपेक्षा मॅट आठवत राहिली. असं सांगतात की हेलसिंकीत एक दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीला, सोव्हिएत मल्ल रशीद ममादबेयोवसमोर, उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. फक्कीच्या अलीकडे जाऊ दे, पलीकडे जाऊ दे, माणूसच नाही! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावानं वर्गणी काढली. ही सगळी माणसं राहिली इकडे आणि तो माणूस तिकडे एकटा, दमलेला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक तशात आलं. परत आल्यावर कुस्त्या भरवून खर्डीकरांचे पैसे त्यांनी फेडले. मला वाटतं, गहाण टाकलेलं ते घर म्हणजे खर्डीकरांचं फक्की ओलांडणंच होतं. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचंही तेच. टोकियोला तिरंदाजीत पोहोचलेल्या या पोराला आधी हेरलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी.

हे सगळं मनात घोळवत जेवताना गप्पच होतो. लेक पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसली होती. शेवटी म्हटलं, "बाळा, मी यायला पाहिजे होतं."

"कुठं?"

"मैदानात. तू पडलीस तेव्हा."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं गणितात सोपी चूक करणाऱ्याकडं बघतात. "पप्पा, तुम्ही हात लावला असता तर मी बाद. तुमच्या त्या रेडमंडच्या नावापुढं काय लिहिलंय बघितलंय का कधी? शर्यत पूर्ण केली नाही, असं."

नव्हतं बघितलं. मघाशी बघितलं. खरंच तसंच आहे.

"माझ्यापुढं वेळ लिहिलीय," ती म्हणाली. "सहा मिनिटं आठ सेकंद. घड्याळवाल्या मॅडम थांबल्या होत्या. सगळ्या निघून गेल्या, पुढच्या शर्यतीच्या पोरी येऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांनी घड्याळ बंद केलं नाही."

ती वेळ तिनं कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलीय. वर २.५८ आहे, जुलैमधली. खाली ६.०८. मी तिला टांझानियाच्या जॉन स्टीफन अख्वारीचं सांगितलं. १९६८, मेक्सिको सिटी, मॅरेथॉन. पडून गुडघा गेलेला, खांद्याला मार. पंचाहत्तर जण निघाले होते, त्यातले पोहोचले सत्तावन्न, आणि हा सत्तावन्नावा, पायाला पट्ट्या गुंडाळलेला, पहिल्या नंबरनंतर तासाभराहून जास्त वेळानं. त्याच्या नावापुढं वेळ आहे, ३ तास २५ मिनिटं २७ सेकंद. हा माणूस मी तिला आजवर कधीच दाखवला नव्हता. का, कोण जाणे. त्यात बाप नाही म्हणून असेल.

"मग हा भारी," ती म्हणाली. मग जरा थांबून, पाय पुसता पुसता: "आणि तुम्ही उभे कुठं होता? चालत तर होता."

"मी?"

"कडेकडेनं. गवतातनं. सॅक घेऊन. मी थांबले की थांबत होता."

मला हे अजिबात आठवत नाही. डोळे मिटले की मी दिसतो तो एका जागी रोवलेला, पायापुढं ती पांढरी रेघ. मी तिला म्हणालो, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतीयस. ती म्हणाली, काहीही काय, आणि झोपायला गेली.

आता पँट मांडीवर घेऊन बसलोय. दोन्ही पायांना, अगदी गुडघ्यापर्यंत, कुसळं. सरळ ओढली की तुटतात, उलट्या बाजूनं काढावी लागतात. एक पाय झाला. दुसरा बाकी आहे.