एफ-१५० की रॅम १५००? पिकअप निवडतानाचा माझा अनुभव

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, विकत घेतला, तेव्हा तो ओढू शकेल अशी गाडी आमच्याकडे नव्हती. क्रम उलटा झाला हे खरे. परंतु त्यामुळेच पुढची तुलना नेमकी होऊ शकली, असे आज वाटते. सर्वांत चांगली पिकअप कोणती, या वादात आम्हाला शिरावेच लागले नाही. हा ट्रेलर, आम्ही चार माणसे आणि डॅलसहून अमरिलोमार्गे कोलोरॅडोच्या डोंगरांत जाणारा रस्ता, एवढ्यासाठी कोणती पिकअप पुरेल हेच आम्हाला ठरवायचे होते. ट्रेलरवर लिहिलेले कमाल अनुज्ञेय वजन ६,८०० पौंड होते आणि सामान, पाणी व गॅसच्या टाक्या धरून तो सुमारे ६,३०० पौंड भरेल असा माझा अंदाज होता.

टेक्ससमध्ये पूर्ण आकाराच्या पिकअपची निवड करणे म्हणजे पर्यायांच्या गर्दीत उभे राहणे होय. एकाच नावाच्या गाडीत केबिन तीन प्रकारच्या, हौद्याच्या लांबी वेगवेगळ्या, इंजिने चार-पाच आणि सजावटीच्या श्रेणी त्याहून अधिक असतात, त्यामुळे रस्त्यावर सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांची ओढण्याची आणि वाहण्याची क्षमता बरीच निराळी असू शकते. दोन आठवड्यांच्या वाचनानंतर आमच्यापुढे दोन गाड्या उरल्या. एक होती फोर्ड एफ-१५०, एक्सएलटी श्रेणीची, ३.५ लिटर इकोबूस्ट या टर्बो असलेल्या व्ही-६ इंजिनाची. दुसरी रॅम १५००, लॅरमी श्रेणीची, ५.७ लिटर हेमी व्ही-८ इंजिनाची. दोन्ही चार दारांच्या, फोर-व्हील ड्राइव्ह आणि साडेपाच फुटांच्या आसपास हौदा असलेल्या. दोन्ही गाड्या ट्रेलर ओढण्याची जी कमाल क्षमता सांगत होत्या, ती दहा हजार पौंडांच्या वर होती. ६,३०० पौंडांच्या ट्रेलरला दोन्ही सहज पुरतील आणि मग उरेल तो केवळ आवडीनिवडीचा भाग, अशी माझी समजूत झाली होती.

ती समजूत दूर केली आमच्या महाराष्ट्र मंडळातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी. ते अनेक वर्षे ट्रेलर घेऊन देशभर हिंडलेले आहेत. मी फोनवर मोठ्या उत्साहाने आकडे सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, माहितीपत्रक नंतर वाच. आधी चालकाचं दार उघड आणि चौकटीवरचं स्टिकर वाच. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं." मी विचारले, "काका, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचंसुद्धा?" ते म्हणाले, "एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन गाड्यांचंसुद्धा. जाऊन बघ."

त्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर, माणसे आणि सामान मिळून किती वजनापलीकडे जाऊ नये, तो आकडा किलोग्रॅम आणि पौंड दोन्हींत छापलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या विशिष्ट गाडीचा, तिच्यावर चढवलेल्या सर्व साधनांसह, तो पेलोड असतो. सनरूफ, चामड्याच्या तापणाऱ्या-थंडावणाऱ्या खुर्च्या, मोठी चाके, विजेवर चालणाऱ्या पायऱ्या यांतील प्रत्येक गोष्टीचे वजन त्यातून वजा झालेले असते. म्हणूनच कोणत्याही कंपनीची पिकअप घेतली, तरी श्रेणी जसजशी वर जाते तसतसा हा आकडा बहुधा खाली येतो. मी पाहिलेल्या लॅरमीवर १,३७२ पौंड लिहिले होते, तर एक्सएलटीवर १,७४४ पौंड, म्हणजे अनुक्रमे ६२२ आणि ७९१ किलो. या फरकाचा मोठा भाग श्रेणीचा होता. रॅमची साधी, कमी सजावटीची गाडी घेतली असती तर अंतर बरेच कमी झाले असते. परंतु आमच्या अंदाजपत्रकात आणि त्या महिन्यात आसपासच्या शोरूममध्ये आम्हाला हव्या त्या इंजिनाच्या आणि एक्सलच्या ज्या गाड्या प्रत्यक्ष उभ्या होत्या, त्यांत हीच जोडी होती. पन्नास मैलांच्या परिघातील डीलरांकडे जाऊन मी एकूण अकरा दारे उघडून पाहिली, आणि एकाच श्रेणीच्या दोन एफ-१५० मध्येसुद्धा जवळजवळ दीडशे पौंडांचा फरक आढळला.

हा आकडा ट्रेलरसाठी इतका महत्त्वाचा का, हे मला गावाकडच्या बैलगाडीमुळे लवकर उमजले. माझे बालपण निफाड तालुक्यात गेले. गाडी भरताना माल आसाच्या मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना गाडी आवरत नाही. म्हणून आसाच्या पुढे थोडा भार ठेवतात, जो बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचेही नेमके तसेच आहे. त्याच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन पुढच्या जोडावर, म्हणजे पिकअपच्या हिचवर, यावे लागते. ते कमी पडले तर वेग घेतल्यावर ट्रेलर मागे झोकांड्या खाऊ लागतो. या वजनाला टंग वेट म्हणतात आणि ते पिकअपच्या पेलोडमधूनच वजा होते. ६,३०० पौंडांचे १३ टक्के धरले तर सुमारे ८२० पौंड होतात. पाच हजार पौंडांच्या वरच्या ट्रेलरला वजन विभागणारा हिच लागतो, त्याचे स्वतःचे ९० पौंड. आम्ही चौघे मिळून ५००. हौद्यातील सायकली, शीतपेटी, अवजारे आणि लाकूड यांचे २००. बेरीज १,६१० पौंड झाली. एक्सएलटीवर १३४ पौंड शिल्लक राहत होते आणि त्या लॅरमीवर २३८ पौंड जास्त होत होते, जरी तिची ओढण्याची क्षमता आमच्या ट्रेलरच्या दीडपटीहून अधिक होती.

मग जाहिरातीतला मोठा आकडा येतो कुठून? तो खोटा नसतो, हे येथे सांगितले पाहिजे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार त्याची चाचणी होते, ज्यात ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळी उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरावीक वेगाखाली न येता चढून जावा लागतो. चाचणी कठोर आहे; मात्र गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात. अकरा हजार पौंडांच्या ट्रेलरचे टंग वेट १३ टक्क्यांनी १,४३० पौंड होते, त्यावर चार माणसांचे कुटुंब बसवले की बहुतेक सजवलेल्या पिकअपचे स्टिकर ओलांडले जाते.

हे सारे असूनही मन रॅमकडेच ओढत होते, हे मी मान्य करतो. आम्ही एकाच शनिवारी, एकाच रस्त्यावरून, दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. रॅमने २००९ पासून मागील एक्सलला कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिलेल्या आहेत, आणि हायवेच्या काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना तो फरक पाठीला ताबडतोब कळतो. आतील शांतता, आसनांची बैठक, मागच्या मुलांना पाय पसरायला मिळणारी जागा, सर्वच बाबतींत ती मला सरस वाटली. रिकामी एफ-१५० तिच्या कमानपाट्यांवर थोडी उसळत होती. रोज कार्यालयात जायला आणि वर्षातून दोनदा फर्निचर आणायला गाडी हवी असती, तर मी त्याच दुपारी रॅम घेऊन घरी आलो असतो आणि तो निर्णय योग्यच ठरला असता.

इंजिनांची तुलना मात्र रस्त्याच्या उंचीने ठरवली. अश्वशक्ती जवळजवळ सारखी, इकोबूस्टची ४०० आणि हेमीची ३९५. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ५०० विरुद्ध ४१० पौंड-फूट, आणि इकोबूस्टमध्ये तो मिनिटाला ३,१०० फेऱ्यांवरच पूर्ण मिळतो. डॅलसच्या सपाटीवर हेमीचा दणकट आवाज आणि सरळ प्रतिसाद मला अधिक आवडला. परंतु न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या सीमेवरील रॅटन पास ७,८३४ फुटांवर आहे, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती विरळ हवेमुळे दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे ट्रेलरसह चढताना, जेथे शक्ती सर्वांत जास्त लागते तेथेच, हेमीची वीस टक्क्यांहून अधिक शक्ती उपलब्ध नसणार. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. आम्ही गल्फच्या किनाऱ्याकडे जाणारे कुटुंब असतो, तर हा मुद्दा उरलाच नसता.

इतर बाबी लवकर मिटल्या. विम्याच्या हप्त्यांत फारसा फरक नव्हता. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे गंजाची चिंता कमी आणि अपघातानंतरच्या दुरुस्तीसाठी जागा निवडून शोधावी लागते. आमच्याजवळ तशी कार्यशाळा होती. गॅरेजची आतील लांबी टेपने मोजली, ती २० फूट १ इंच भरली. एफ-१५० ची लांबी २३१.७ इंच आणि रॅमची २३२.९ इंच, म्हणजे दोन्ही १९ फूट ४ इंचांच्या अलीकडे-पलीकडे. भिंतीवरचे फडताळ काढावे लागले, पण दोन्ही मावल्या असत्या. ही मोजणी मी गाडी पाहायला जाण्यापूर्वीच करायला हवी होती.

तरीही निर्णय अडलाच होता, कारण २३८ पौंड म्हणजे थोडे सामान कमी केले की झाले, असा युक्तिवाद मी स्वतःशी करत होतो: सायकली घरी ठेवू, लाकूड तेथेच विकत घेऊ, पाण्याची टाकी रिकामी नेऊ. माझ्या पत्नीने माझा हिशेबाचा कागद पाहिला आणि विचारले, "यात मुलांचं वजन किती धरलंस?" मोठ्याचे ११० आणि धाकटीचे ७० असे मी सांगितले. ती म्हणाली, "गाडी दहा वर्षं ठेवणार आहोत ना आपण? मग मुलं एवढीच राहणार आहेत का?" त्या एका प्रश्नाने सारे हिशेब बदलले. पाच वर्षांनी मुलेच दीडशे पौंडांनी वाढलेली असतील, आणि तेव्हा एक्सएलटीवरचे १३४ पौंडही पुरणार नाहीत. सायकली घरी ठेवण्याची सवलत आम्हाला त्या दिवसासाठी राखून ठेवायला हवी होती. ती आजच खर्चून टाकणे परवडणारे नव्हते. आम्ही एफ-१५० घ्यायचे ठरवले.

खरेदीच्या वेळी एका डीलरने काचेवरील अधिकृत किमतीच्या शेजारी दुसरा कागद चिकटवून त्यात टायरमधील नायट्रोजन, रंगावरचा लेप आणि 'मार्केट ॲडजस्टमेंट' या नावाची वाढीव रक्कम मिळवली होती. काचेवरचा छापील कागद १९५८ च्या कायद्यानुसार लावावाच लागतो आणि त्यातील प्रत्येक साधन कारखान्यातून आलेले असते. दुसरा कागद डीलरचा स्वतःचा असतो आणि तो नाकारता येतो. मी त्यांच्याशी वाद न घालता तीन ठिकाणी ई-मेल पाठवून कर, नोंदणी आणि कागदपत्रांच्या शुल्कासह शेवटची एकच रक्कम लेखी मागवली. तसेच चौकटीवरच्या स्टिकरचे छायाचित्र आणि ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक गाडीत बसवलेला असल्याची खात्रीही मागितली, कारण सर्व एक्सएलटी गाड्यांत तो असतोच असे नाही. टेक्ससमध्ये ६.२५ टक्के विक्रीकर जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो, म्हणून जुनी गाडी तेथेच देणे आम्हाला किफायतशीर पडले.

जूनमध्ये पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, सर्व सामान भरून आणि चौघे आत बसून, आम्ही हायवेवरील ट्रक थांब्याच्या काट्यावर गाडी घातली. पुढचा एक्सल ३,१८० पौंड, मागचा ३,६८०, ट्रेलरचे एक्सल ५,५४०. पिकअपवरचे एकूण ६,८६०, अनुज्ञेय मर्यादा ७,०५०. मी समाधानाने ती चिठ्ठी घडी करून ठेवली आणि रात्री वडिलांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर लासलगावच्या भुईकाट्यावर कांद्याच्या गाड्या घातल्या आहेत. सर्व आकडे शांतपणे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "भरलेली घातली, ते बरं केलंस. पण मोकळी घातली का? मोकळीचं वजन नसलं, तर मालाचं कसं कळणार?"

त्यांचे म्हणणे अचूक होते. वजन विभागणारा हिच आपल्या ताणलेल्या दांड्यांनी थोडा भार ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलत असल्यामुळे, हिचवर प्रत्यक्षात किती वजन येते ते माझ्या चिठ्ठीवरून समजतच नव्हते. पहाटे निघताना आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. एकदा हिचचे दांडे सैल करून वजन घेतले, नंतर ट्रेलर बाजूला उभा करून एकट्या पिकअपचे घेतले. ६,९२० आणि ६,१००. हिचवर ८२० पौंड येत होते. ट्रेलर पुन्हा जोडला, दांडे ताणले, मुलीने दिवे तपासून अंगठा दाखवला आणि आम्ही अमरिलोच्या दिशेने २८७ क्रमांकाच्या रस्त्याला लागलो.