तुम्ही विचारलंत म्हणून: १७३९ ला आमची माणसं कुणाच्या बाजूने होती?

मे महिना आला, १७३९ ला चिमाजीअप्पांच्या मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाचे मेसेज फिरायला लागले की कोणीतरी विचारतंच, तुम्ही वसईचे ख्रिश्चन ना, मग त्या लढाईत तुमचे लोक कुणाकडून होते? कोणी मस्करीत विचारतं, कोणी मनापासून. मी इतकी वर्षं हसून विषय बदलत आले, आज एकदाच लिहिते.

घरी कादोडी, म्हणजे आमची वसईची बोली, शाळा मराठी मीडियम, आजी शेवटपर्यंत लाल लुगड्यात. तरी "मराठी छान बोलता हो तुम्ही" ऐकावं लागतं. फादर दिब्रिटो २०२० ला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही विरोध झालाच की.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दहाबारा जणांना मी किल्ला दाखवायला नेलं. भुईगाव माझं माहेर, किल्ला लहानपणापासून पायाखालचा, त्यामुळे गाईड मीच. भूदरवाजातून आत गेलो, चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो झाले, नागेश्वराचं दर्शन झालं, आणि जेझुइटांच्या चर्चच्या पडक्या दर्शनी भिंतीखाली उभे असताना एकाने तोच प्रश्न टाकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. किल्लाबंदरच्या बाजूने सुक्या बोंबलांचा वास येत होता, एवढं आठवतं. आणि मी म्हणाले, "आम्ही मराठ्यांकडूनच होतो, मूळचे सामवेदी ब्राह्मण आम्ही, फिरंग्यांनी जबरदस्तीने बाटवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या, एकजण म्हणाला, "मग तुम्ही आपल्याच."

त्या "आपल्याच"ने मला बरं वाटलं! घरी येताना रिक्षात रडू आलं ते त्याचंच. मूळचे सामवेदी हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ते मी सांगितलं याचं काही नाही. पण मराठ्यांकडून होतो हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझ्या पणजीच्या पणजीने तेव्हा काय केलं याचा एक कागद माझ्याकडे नाही. तटाच्या आत फिदाल्गोंचे, म्हणजे पोर्तुगीज सरदारांचे, वाडे, आमची माणसं बाहेर केळी लावणारी, भात लावणारी. वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालला, सेबास्टियन बुरूज सुरुंगाने उडवला, हजारो मराठे पडले, आणि या सगळ्यात भुईगावातली बाई बहुतेक पेरणीचं बियाणं कुठे लपवायचं याच काळजीत असेल. हेही मी माझ्या सोयीचं बोलतेय का? असेन.

कारण दुसरी बाजू मी टाळते. देवळं पाडली गेली, इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, जाच होता, त्याला कंटाळूनच इथल्या हिंदू पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली, अणजूरचे नाईक त्यातलेच. हे खरं आहे आणि ते नाकारून मला ख्रिस्ती राहता येणार नाही. पण लढाईनंतरच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळू द्यायचं कलम होतं हेही खरंच आहे, आणि आमचे लोक मागे राहिले. गोव्याला निघून जाता आलं असतं, कित्येकजण गेले. राहिले त्यांची बाजू कोणती म्हणायची?

आणि बाजू धरायचीच तर कुठून धरू? आमच्या भुईगावात १९५६ ला अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आठवा त्याआधी १८८२ ला सोपाऱ्याला. म्हणजे माझ्या गावच्या मातीत अशोकाची प्राकृत आहे. मग गुजरातच्या सुलतानाची तटबंदी, १५३४ ला पोर्तुगीज, मग मराठे, १७८० ला इंग्रज. याच वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, त्याला मी नवस बोलते. आणि वसई जिंकण्यासाठी चिमाजीअप्पांनी बोललेला वज्रेश्वरीचा नवस आम्हाला शाळेत गोष्टीसारखा सांगितला होता, तोही माझाच वाटायचा. अजून वाटतो. यातलं कोणतं सोडू म्हणता?

त्या दिवशी "माहीत नाही" म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. मग वाटतं, त्यावर ते "म्हणजे पोर्तुगीजांकडून" असंच समजले असते.

ज्याने विचारलं तो अजून माझ्याच टीममध्ये आहे. डबा आम्ही एकत्र खातो. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही.