खडीच्या पोटातली हवा

काळ्या पाषाणाची खडी बघत वाढलेल्या माणसाला प्यूमिसची, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या सच्छिद्र दगडाची खडी म्हणजे थट्टाच वाटते. ओंजळभर घेतली तरी वजन लागत नाही, कोरडा दाणा पाण्यात टाकला तर तरंगतो. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बेंड गावाभोवती या दगडाचे थर आहेत. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पातळ, निवांत पसरत गेलेला. इथला घट्ट, आत कोंडलेल्या वायूने फेसाळून स्फोटात उडालेला. साध्या काँक्रीटचा घनमीटर 2400 किलोच्या आसपास भरतो. आमच्या मिश्रणात 1750 धरले होते. जुन्या इमारतीवर मजला चढवायचा होता, त्यामुळे एवढा फरक मोलाचा.

स्लॅबच्या दिवशी तयारी चोख होती. खडी आदल्या दिवसापासून फवाऱ्याखाली भिजत ठेवलेली, नाहीतर मिश्रणातलं पाणी तीच पिऊन टाकते. पंपही टाळला होता. पंपाच्या दाबाने पाणी छिद्रांत शिरतं आणि पाइप तुंबतो. क्रेनची बादली हळू, पण भरवशाची.

पहिला ट्रक आला. बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पोराने काँक्रीटमधली हवा मोजणारा प्रेशर मीटर लावला आणि नकारार्थी मान हलवली. "हवा साडेनऊ टक्के. ट्रक परत." मर्यादा साडेचार ते साडेसातची. फोरमनचा चेहरा पडला. मागे दोन ट्रक उभे होते.

मी विचारलं, "भांड्याचं वजन किती भरलं?" त्यावरून घनता निघाली 1745. हवा खरोखर तीन-साडेतीन टक्क्यांनी जास्त असती, तर घनमीटरमागे पन्नास-साठ किलो तरी कमी भरले असते. गडबड मीटरच्या पद्धतीतच होती. दाबाखाली काँक्रीटमधली हवा किती आकसते ते तो बघतो, पण दाब दाण्यांच्या पोटातल्या हवेलाही बसतो आणि तीही हिशेबात धरली जाते. सच्छिद्र हलक्या खडीला ही पद्धत चालत नाही, असं या चाचणीच्या एएसटीएम सी 231 या अमेरिकन मानकातच सुरुवातीला लिहिलंय. पण सुरुवात वाचतो कोण!

माझ्या गाडीत रोलामीटर होता, दाबाऐवजी पाण्याने हवा मोजणारं भांडं. भांड्यात काँक्रीट, वर पाणी, फेस मारायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग झाकण घट्ट. उलटं करून पाऊणएक मिनिट खळखळून हलवायचं, मग तिरपं धरून जमिनीवर लोळवायचं. सुटलेली हवा वर येते आणि मानेवरच्या खुणांवर पाणी उतरतं. वाचन आलं सहा टक्के. पुन्हा लोळवलं, पुन्हा सहा. पोराने खाली वाकून खूण नीट बघितली, ऑफिसला फोन लावला, बराच वेळ "हो, हो" केलं आणि ट्रक सोडला. पोरगा अडेलतट्टू नव्हता, हे नशीब.

उरलेल्या ट्रकांना रोलामीटर त्यानेच लोळवला. मला वर धावावं लागलं, कारण व्हायब्रेटरवाला नेहमीच्या सवयीने निडल, म्हणजे काँक्रीट बसवायचा थरथरणारा दांडा, एकाच जागी रुतवून उभा होता आणि हलकी खडी भराभर वर यायला लागली होती.