सहावीतला एक 'व्ही' आणि माझे अकरा दिवस

आधीच सांगून टाकते, शेवटी काम झालं. पण ज्या पद्धतीने झालं त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितेय. शिवाय आपल्यापैकी बरेच जण डिसेंबरात भारतात जातात आणि तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून सुट्टी दोन दिवस पुढे ताणतात, त्यांच्या कामी यावं.

मुलगा सहावीत आहे. अमेरिकेत, चर्चच्या पॅरिशला (म्हणजे एका चर्चच्या भक्तमंडळाला) जोडलेली कॅथलिक शाळा, किंडरगार्टन ते आठवी एकाच इमारतीत. आम्ही कॅथलिक नाही, पण घरापासून जवळ, वर्ग लहान आणि आफ्टरकेअर सहापर्यंत, म्हणून घातला. ॲडमिशन वगैरेत काही त्रास झाला नाही. रिलिजन हा विषय सगळ्यांना आहे आणि त्याला ग्रेडही आहे, आणि शुक्रवारच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आमचं ध्यान छातीवर हातांची फुली करून रांगेत जातं आणि कम्युनियनऐवजी (चर्चमधला प्रसाद म्हणा) आशीर्वाद घेऊन येतं, त्याची त्यालाही सवय झाली आणि आम्हालाही.

पाचवीपर्यंत आनंदच होता. १ ते ४ असे आकडे यायचे, ३ म्हणजे जमतंय, ४ म्हणजे छानच जमतंय, आणि होमवर्क राहिला तर टीचर एक चिठ्ठी पाठवायच्या. सहावी म्हणजे मिडल स्कूल, तिथे एकदम टक्केवारी. आमच्याकडे गणितात टेस्टना ५० टक्के वजन, क्विझना ३०, होमवर्कला २०. होमवर्क एक दिवस उशिरा दिला तर १० टक्के कापतात, दोन दिवस झाले तर २०, त्यापुढे शून्य. आजारी असाल तर जितके दिवस गैरहजर तितके दिवस पुढे मिळतात. आणि फॅमिली व्हेकेशन असेल तर टीचरने आधी काम द्यायचं बंधन नाही, परत येईल त्या दिवशी सगळं जमा, नाहीतर शून्य, क्विझही परत नाही. हे सगळं हँडबुकात लिहिलंय आणि त्या हँडबुकावर ऑगस्टमध्ये मी सही केलीये. वाचलं होतं का? नाही. तुम्हीही वाचलं नसणार, उगाच खोटं बोलू नका.

तर झालं काय, शाळा सोमवारी उघडली आणि आम्ही मंगळवारी रात्री उतरलो. दोन दिवस बुडाले, ती आमची चूक, मान्य. बुधवारी सकाळी पोरगं तापाने फणफणलं. अर्जंट केअरला नेलं, इन्फ्लुएन्झा ए निघाला, आठवडाभर शाळा नाही. मी शाळेच्या ॲबसेन्स लाइनवर साडेआठच्या आत व्हॉइसमेल ठेवला. पुढच्या सोमवारी तो गेला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी दिली, आणि बुधवारी त्याने पाचही दिवसांचा होमवर्क नेऊन दिला. मला वाटलं संपलं.

त्या रविवारी रात्री सहज पोर्टल उघडलं तर गणित ७२. आधी ९१ होते.

मी तीनदा रिफ्रेश केलं. मग एकेक ओळ उघडून बघितली तर पाच होमवर्कला शून्य आणि शुक्रवारच्या क्विझला शून्य. म्हणजे बघा, टेस्टचे ८८ तसेच, आधीच्या दोन क्विझचे ९२ आणि ८८, पण तिसरं शून्य धरलं की सरासरी ६० वर येते, आणि होमवर्क दहापैकी पाच म्हणजे ५०. पोराचं गणित कच्चं झालेलं नाही, नुसता भागाकार झालाय. शंभराच्या स्केलमध्ये शून्य किती खोल खड्डा असतो ते कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. काही शाळा म्हणूनच ५० च्या खाली आकडा टाकत नाहीत. आमची टाकते. त्याच पानावर रिलिजनमध्ये ए प्लस होतं, नवरा म्हणाला, चला, परलोकाची तरी सोय झाली.

आता खरी कटकट सुरू.

रविवारी रात्रीच टीचरना ईमेल केली, जरा तिखटच केली, ती करू नका. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी. मंगळवारी शांतता. बुधवारी उत्तर आलं, अतिशय गोड, की तुमची काळजी समजते पण सिस्टिममध्ये ॲबसेन्सचा कोड 'व्ही' आहे, म्हणजे व्हेकेशन, आणि कोडप्रमाणे ग्रेड टाकणं मला बंधनकारक आहे, कोड ऑफिसचा असतो.

गुरुवारी ऑफिसात गेले. काचेची खिडकी, बाजूला मेरीचा छोटा पुतळा, त्याच्या पायाशी हरवलेले ग्लोव्हज ठेवलेले. खिडकीतल्या बाईंना मी सहा वर्षं ओळखते, पिझ्झा लंचला दोघींनी मिळून खोके उचललेत. म्हटलं, पोराचे मार्क गेलेत, कोड बदला. त्या म्हणाल्या, मार्कांचं असेल तर टीचरकडे. म्हटलं, टीचरनीच पाठवलंय. तर म्हणाल्या, मग प्रिन्सिपलची सही लागेल, तीन दिवसांपेक्षा जास्त असलं की कोड मी एकटी बदलू शकत नाही. प्रिन्सिपलची वेळ मागितली तर तिथून निरोप आला, ग्रेडबद्दल तक्रार असेल तर हँडबुकाप्रमाणे आधी टीचरशी बोला.

टीचर, ऑफिस, प्रिन्सिपल, परत टीचर. घाण्याचा बैल झाला माझा.

शुक्रवारी मास आणि लवकर सुट्टी. आणि त्यानंतरचा आठवडा म्हणजे कॅथलिक स्कूल्स वीक! जानेवारीच्या शेवटच्या रविवारपासून देशभरातल्या कॅथलिक शाळांत साजरा होतो, १९७४ पासून. एरवी मला आवडतो. पण ह्या वर्षी प्रिन्सिपल सोमवारी ओपन हाऊसमध्ये, मंगळवारी आजीआजोबांसाठी कार्यक्रम, बुधवारी विद्यार्थी विरुद्ध टीचर व्हॉलीबॉल. आणि कहर म्हणजे त्या आठवड्यात मुलांना होमवर्क माफ. इथे मी होमवर्कच्या पाच शून्यांसाठी झोप घालवतेय आणि माझं पोर यूनिफॉर्मऐवजी पायजमा घालून शाळेत चाललंय.

ह्याच काळात सल्ल्यांचा पाऊस. एका मैत्रिणीने ठामपणे सांगितलं, डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाला लिही. तिची मुलं पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत आहेत. पॅरिशच्या शाळेवर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचा अधिकारच नाही, आपली पायरी म्हणजे टीचर, प्रिन्सिपल, मग पॅरिशचे पास्टर, म्हणजे मुख्य फादर, मग डायोसीसचं (बिशपच्या हद्दीतल्या सगळ्या पॅरिशांचं) शिक्षण ऑफिस. दुसऱ्याने फर्पाचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या नोंदींबद्दलचा, कायदा काढला, की रेकॉर्ड दाखवायलाच लागतं म्हणे. तो कायदा केंद्राच्या शिक्षण खात्याचे पैसे घेणाऱ्या शाळांना आहे, आणि अशा शाळा बहुधा ते घेत नाहीत. धमकी द्यायला म्हणून मी तो शोधून वाचला आणि गुपचूप टॅब बंद केला. नवऱ्याचं म्हणणं थेट पास्टरना भेटू. मी म्हटलं थांब, फादरना 'माझ्या मुलाला क्विझमध्ये शून्य' हे सांगायला जायचं म्हणजे फारच झालं.

मंगळवारी रात्री डॉक्टरांच्या चिठ्ठीची आठवण झाली. मुलाला विचारलं, दिली होतीस ना रे? म्हणे, हो, फोल्डरमध्ये ठेवली होती. ठेवली होतीस की दिली होतीस? गप्प. दप्तर उलटं केलं. तळाशी, दोन तुटक्या पेन्सिली आणि एका मोज्याच्या खाली चिठ्ठी सापडली, चौघडी घातलेली, आणि तिला राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा चिकटलेला. अर्जंट केअरच्या शिक्क्यावर नेमका गूळ. ओल्या बोटाने हळूहळू पुसला, तारीख शाबूत होती. "आई, टीचर स्वतःहून घेतील असं वाटलं," म्हणे. धन्य.

बुधवारी सकाळी ड्रॉप ऑफच्या लाइनमध्ये एक आई भेटली, तिची मोठी मुलगी आठवीत आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू 'ग्रेड' हा शब्द काढूच नकोस. ग्रेड म्हटलं की ते तुला टीचरकडे पाठवणारच, तसा नियमच आहे. 'अटेंडन्स करेक्शन' म्हण.

इतकंच.

त्याच दुपारी नवीन ईमेल केली, विषय: हजेरीच्या नोंदीत दुरुस्ती. तीन ओळी. अमुक दोन दिवस व्हेकेशन, बरोबर आहे. पुढचे तीन दिवस आजारपण, चिठ्ठी जोडली आहे, त्या दिवशी सकाळी फोन केला होता. कृपया त्या तीन दिवसांचा कोड बदलावा. मार्कांचा म सुद्धा नाही. गुरुवारी दुपारी पिकअपच्या आधी ऑफिसातून फोन, या, चिठ्ठीची मूळ प्रत द्या. गेले. प्रिन्सिपल कॉरिडॉरमध्ये फुगे उतरवत होत्या, तिथेच भिंतीला टेकवून फॉर्मवर आद्याक्षरं केली. वीस मिनिटंही लागली नाहीत. अकरा दिवस मी ज्यासाठी तडफडले ते वीस मिनिटांत!

पण एक गोष्ट राहिली, आणि ती लिहायची नव्हती खरं तर. मी जरा चढ्या आवाजात खिडकीतल्या बाईंना विचारलं, की मुळात पाचही दिवसांना व्ही लावला कुणी, मी फोन केला होता ना? त्या काही बोलल्या नाहीत. फाइल काढली आणि एक प्रिंट माझ्यासमोर सरकवला. माझीच डिसेंबरातली ईमेल. पिवळ्या हायलायटरने एक वाक्य रंगवलेलं: तिकिटांवर अवलंबून आहे, बुधवारी येईल, नाहीतर कदाचित तो पूर्ण आठवडा येणार नाही. त्यांनी सुट्टीच्या आधीच आठवडाभराचा कोड टाकून ठेवला होता. व्हॉइसमेल ऐकला होता, पण सिस्टिममध्ये आधीच ॲबसेंट दिसतोय म्हटल्यावर पुढे काही केलं नाही. चूक त्यांचीही आहेच, मी अजूनही म्हणते. पण त्या क्षणी मला त्या मेरीच्या पायाशी ग्लोव्हजमध्ये तोंड लपवावंसं वाटलं.

तर आता आठवेल तसं सांगते. तारखा नेमक्या द्या, 'कदाचित' हा शब्द शाळेच्या ईमेलमध्ये नको. डॉक्टरांची चिठ्ठी मुलाच्या हातात देऊ नका, फोटो काढून ऑफिसला पाठवा आणि चिठ्ठीवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहून घ्या, नुसतं 'तपासलं' असं चालत नाही. ॲपवर 'टर्न्ड इन' दिसतं म्हणजे टीचरच्या ग्रेडबुकात गेलं असं नाही, आमच्याकडे गणिताचा होमवर्क कागदावरच, खिडकीजवळच्या ट्रेमध्ये, नाव न लिहिलेला कागद म्हणजे मिसिंग. पोर्टल दर आठवड्याला बघा, रोज नको, रोज बघून माझं डोकं फिरलं होतं. सातवीत मुलं असतील तर हे सगळं दुप्पट काळजीने करा, कारण कॅथलिक हायस्कुलांच्या अर्जात बहुतेक ठिकाणी सातवीचे आणि आठवीच्या सुरुवातीचे ग्रेड मागतात. आमचं सहावीत निभावलं.

आणि हो, होमवर्कला किती वेळ, हेही हँडबुकात असतं. आमच्याकडे इयत्ता गुणिले दहा मिनिटं, म्हणजे सहावीला एक तास, वाचन वेगळं. आमचा दीड-दोन तास बसायचा. हे टीचरना नंतर वेगळ्या ईमेलमध्ये कळवलं तर त्यांनी लगेच सांगितलं, तासभर झाला की थांबवा आणि कागदावर तुम्ही सही करा, पूर्ण मार्क देईन. हे सप्टेंबरातच विचारलं असतं तर किती संध्याकाळी वाचल्या असत्या, पण विचारणार कोण, मी तेव्हा पोरावर ओरडण्यात बिझी होते.

क्विझ परत दिली, ८४ मिळाले. आजारपणाच्या तीन होमवर्कना पूर्ण मार्क आले. एकूण ८६, आणि सेकंड ऑनर्सची, म्हणजे गुणवत्ता यादीतल्या दुसऱ्या पायरीची, अट आहे ८५, म्हणजे काठावर. व्हेकेशनच्या दोन दिवसांचे दोन शून्य तसेच आहेत. नवरा म्हणाला, आता सगळं मार्गी लागलंय तर तेही जरा विचारून बघ ना. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

पुढच्या डिसेंबरची तिकिटं तोच काढतोय, परतीची शनिवारची.